मायकोरायझा: कोणती पुडी घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

मृग जवळ आला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मायकोरायझाच्या, म्हणजे झाडाच्या मुळांशी भागीदारी करून राहणाऱ्या बुरशीच्या, पुड्या दिसू लागतात. पुडीवर घनदाट जंगलाचं चित्र, झाडाखाली पांढऱ्या तंतूंचं जाळं आणि "मुळांची वाढ दुप्पट" अशी एखादी ओळ. गिऱ्हाईकही तयार असतं: आंबा-काजूची नवी लागवड करणारे, डोंगरावर देशी झाडं लावणाऱ्या संस्था, सोसायटीच्या आवारात खड्डे घेतलेली मंडळी. या एका नावाखाली काय काय विकलं जातं आणि त्यातलं काय उपयोगी आहे, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. रोपवाटिकेच्या पिशवीत आणि निर्जीव झालेल्या मातीत चांगल्या प्रतीची पावडर किंवा दाणेदार मायकोरायझा पैसे फेडते. जिवंत रानात फोकून टाकली तर जवळपास वाया जाते. द्रवरूप बाटल्यांबद्दल आमचं मत त्याहून वाईट आहे.

आत काय असतं

आपल्याकडे मिळणारं बहुतेक सगळं 'व्हॅम' असतं, म्हणजे मुळाच्या पेशीत शिरून राहणारी बुरशी. आंबा, जांभूळ, साग, ऐन, हिरडा, खैर, वड, पिंपळ, बांबू ही सगळी याच बुरशीशी जोडी जमवतात. ही बुरशी जमिनीवर छत्री काढत नाही, त्यामुळे पावसाळ्यात दिसणाऱ्या अळंब्यांशी तिचा संबंध नाही. वारुळावरची अळंबी तर वाळवी पोसते, झाड नव्हे.

काम साधं आहे. स्फुरद मातीत फारसं सरकत नाही. मूळ आपल्या भोवतालच्या एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातलं स्फुरद उचलतं आणि तिथे ठणठणाट होतो. बुरशीचा तंतू असतो 2 ते 10 मायक्रॉन जाडीचा. मुळाचं केसही जिथे शिरत नाही अशा फटीतून तो कित्येक सेंटिमीटर पुढे जातो आणि स्फुरद, जस्त, थोडंफार पाणी आणून देतो. बदल्यात झाडाने तयार केलेल्या साखरेतला सुमारे 4 ते 20 टक्के वाटा घेतो. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात कॅल्शियम धरून बसतो. दोन्हीकडे या भागीदाराची गरज खरी आहे. प्रश्न एवढाच की तो आधीच मातीत हजर आहे का.

आकडेमोड करून पाहा

खत नियंत्रण आदेशानुसार मायकोरायझाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 100 जिवंत घटक (ज्यातून बुरशी पुन्हा वाढू शकते असे बीजाणू, तंतू, मुळांचे तुकडे) हवेत, त्यात किमान 60 बीजाणू. दाणेदार मालाची नेहमीची मात्रा एकरी 4 किलो. म्हणजे 4 लाख घटक, 4047 चौरस मीटरवर. एका चौरस मीटरला जेमतेम शंभर.

आता त्याच एका चौरस मीटरमध्ये वरच्या 15 सेंटिमीटर थरात माती किती? साधारण 195 किलो. साध्या, बऱ्यापैकी झाडोरा असलेल्या जमिनीत ग्रॅमला एक बीजाणू धरला, तरी तिथे आधीच दोन लाखांच्या आसपास बीजाणू बसलेले आहेत. दोन लाखांत शंभर टाकून काय फरक पडणार? दुकानदार हे गणित सांगत नाही, आणि एकरी मात्रा छापणाऱ्याला ते सोयीचंही नाही.

तीच पावडर 10 ग्रॅम घेऊन दोन किलो मातीच्या पिशवीत टाका. हजार घटक, म्हणजे दर दोन ग्रॅम मातीला एक, आणि तेही कोवळ्या मुळाच्या शेजारी. पिशवीतलं मिश्रण भाजलेलं, उन्हात तापवलेलं किंवा नुसत्या कोकोपीटचं असेल, तर त्यात गावरान बुरशी नसतेच. तिथे ही पुडी खरोखर काम करते.

निर्जीव माती म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावचं. तिथल्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि व्हॅम एकत्र वापरून झाडं उभी केली. तिन्ही लागले, हे विसरू नका. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मुरमावर नुसती पुडी टाकून जंगल होत नाही. खाणीचा ढीग, रस्त्याचा भराव, बांधकामाचा राडारोडा, वरची माती खरवडून नेलेला माळ, वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेला तळ्याचा गाळ, अशा ठिकाणी मायकोरायझा शेणखताबरोबर जरूर वापरावी.

प्रकार आणि आमचे गुण

*वाहकावरची पावडर आणि दाणे.* व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज), माती किंवा चिकणमातीच्या दाण्यात मुळांचे तुकडे, बीजाणू आणि तंतू मिसळलेले असतात. दिसायला अगदीच गबाळं, हाताला मातीसारखं. पण मुळांचे तुकडे आत असणं ही जमेची बाजू आहे, कारण बीजाणूपेक्षा तुकड्यातली बुरशी लवकर पसरते. बऱ्याचदा एकाहून जास्त जाती असतात. वजनाने जड, म्हणून वाहतूक महाग पडते. पाचपैकी चार.

*मुळांच्या कल्चरवरची बारीक पावडर.* प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर निर्जंतुक अवस्थेत बुरशी वाढवतात. दिल्लीच्या टेरी संस्थेने हे तंत्र आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आणलं आणि कंपन्यांना दिलं. माल स्वच्छ, रोगजंतूंची भीती नाही, 100 ग्रॅमची पुडी खिशात मावते. उणीव अशी की सहसा एकच जात असते आणि ती तुमच्या मातीत टिकेल याची खात्री नसते. रोपवाटिकेसाठी चार, उघड्या रानासाठी दोन.

*गोळ्या.* खड्ड्यात एक-दोन टाकायला सोप्या. स्वयंसेवकांकडून लागवड करून घेताना मात्रा चुकत नाही, एवढाच फायदा. सुकलेल्या खड्ड्यात गोळी महिना-महिना तशीच राहते. तीन.

*द्रवरूप बाटली.* इथे सावध. बऱ्याच बाटल्यांत ह्युमिक ॲसिड, समुद्री शेवाळाचा अर्क आणि नावापुरता 'मायको' शब्द असतो. त्याने पालवी हिरवीगार दिसेल, पण त्याचं श्रेय ह्युमिकला. बीजाणू पाण्यात महिनोन् महिने ठेवायची वस्तू नाही. एक गुण, तोही बाटली पुन्हा वापरता येते म्हणून.

*परदेशी 'एंडो-एक्टो' मिश्रण.* ऑनलाइन मिळतं, किंमत डोळे पांढरे करणारी. त्यातल्या पिसोलिथस, रायझोपोगॉन या बुरशी मुळाच्या बाहेरून वेढा घालणाऱ्या. पाइनला, काही अंशी निलगिरीला त्या चालतात. आंबा, चिकू, सागाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, म्हणजे अर्धी पुडी पहिल्याच दिवशी वाया. शून्य.

लेबल कसं वाचायचं

पहिली नजर 'सीएफयू' (बशीत वसाहत करणाऱ्या जिवंत घटकांची संख्या) या अक्षरांवर टाका. व्हॅम बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बशीत तिची वसाहत मोजताच येत नाही. मायकोरायझाच्या लेबलवर "एक कोटी सीएफयू प्रति मिली" असं छापलेलं दिसलं तर बनवणाऱ्याला विषय कळलेला नाही किंवा आत दुसरंच काही आहे. आकडा हवा तो जिवंत घटकांचा किंवा बीजाणूंचा, प्रति ग्रॅम.

मग जातीचं नाव पाहा (रायझोफॅगस, ग्लोमस, गिगास्पोरा वगैरे), बॅच क्रमांक पाहा, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख पाहा. ओलावा 8 ते 12 टक्के असावा असा नियम आहे. पुडी दाबल्यावर आत लगदा लागला किंवा उघडल्यावर कुजका वास आला तर परत करा. आणि दुकानात ती कुठे ठेवली होती ते डोळ्यांनी बघा. पत्र्याच्या शेडमध्ये, युरियाच्या थप्पीवर मे महिना काढलेली पुडी नामांकित कंपनीची असली तरी घेऊ नये.

ट्रायकोडर्मा ही वेगळी वस्तू. ती मुळावर पोसत नाही, रोगट बुरशीला खाते, आणि तिची नोंदणी कीटकनाशक कायद्याखाली होते. तिच्यावर सीएफयू असायलाच हवा. ट्रायकोडर्मा विरिडी या जातीच्या 1 टक्का पावडरीत ग्रॅमला किमान 2×10⁶. दोन्ही एकाच पुडीत "ऑल इन वन" म्हणून विकतात ते टाळलेलं बरं. ट्रायकोडर्मा 1 किलो, 100 किलो ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस मुरवा, मध्ये दोनदा खालीवर करा. ते खत खड्ड्याच्या मातीत जाऊ द्या आणि मायकोरायझा स्वतंत्रपणे मुळाला लागून द्या.

वापर

एकच गोष्ट लक्षात ठेवा: बुरशी मुळाला टेकली पाहिजे. वर भुरभुरवून पाणी मारलं की झालं, असं नाही.

रोपवाटिकेच्या पिशवीला 5 ते 10 ग्रॅम. पिशवी दोन-तृतीयांश भरा, मधोमध पावडर टाका, वर दोन-तीन सेंटिमीटर माती, मग बी किंवा कोवळं रोप. मूळ खाली उतरताना त्या थरातून जातंच. गादीवाफ्यावर चौरस मीटरला 100 ग्रॅम, तेवढ्याच खोलीवर. लागवडीच्या वेळी रोपाला 20 ग्रॅम: पिशवी फाडल्यावर मुळांच्या हुंडीचा खालचा भाग आणि कडा ओल्या करून त्यावर चोळा, उरलेली हुंडीखाली टाका. दोन फुटी खड्ड्यातल्या सगळ्या मातीत मिसळलीत तर ती पुन्हा विरळ होते, वरच्या गणितासारखी.

उभ्या झाडाला 200 ग्रॅम सांगतात. ती द्यायचीच असेल तर आळ्यात ओतू नका. फांद्यांच्या घेराखाली चार-पाच ठिकाणी कुदळीने हलकं उकरा, पांढरी बारीक मुळं दिसली की त्यावर टाका आणि माती ओढा. बुंध्याजवळच्या जाड मुळांना तिचा उपयोग नाही. तरीही, निरोगी जुन्या बागेत हा खर्च करण्यापेक्षा पालापाचोळ्याचं आच्छादन आणि नांगरट बंद, हे दोन उपाय आधी करा. वारंवार नांगरल्याने तंतूंचं जाळं तुटतं, आणि ते पुडीतून विकत मिळत नाही.

वेळ: पहिले दोन-तीन पाऊस होऊन वाफसा आल्यावर. चिखलात नको, कारण या बुरशीला हवा लागते.

ठिबकमधून सोडण्याबद्दल सतत विचारलं जातं. नियमाप्रमाणे पावडरीचा 90 टक्के भाग 250 मायक्रॉनच्या चाळणीतून गेला पाहिजे. ठिबकचा 120 मेशचा फिल्टर साधारण 130 मायक्रॉनला अडवतो. व्हेंचुरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी) फिल्टरच्या आधी असेल तर मोठे बीजाणू आणि मुळांचे तुकडे फिल्टरमध्ये अडकतात आणि बॅकवॉशबरोबर गटारात जातात. पुढे गेलेलंही वरच्या ओल्या थरातच थांबतं. ठिबकवाल्यांनी सरळ हाताने द्यावी.

फसते कुठे

सर्वात जास्त फसते ती खड्ड्यात डीएपी किंवा मूठभर सुपर फॉस्फेट घातल्यामुळे. स्फुरदाची उपासमार झालेलं मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं द्रव्य सोडतं आणि त्याच्या वासाने बुरशीचे तंतू फांद्या फोडून मुळाकडे येतात. 2005 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. पोट भरलेलं मूळ हाक मारत नाही. मृद आरोग्य पत्रिकेत उपलब्ध स्फुरद हेक्टरी 25 किलोच्या वर असेल तर पुडीवर पैसे घालू नका. भरपूर कोंबडीखत पडलेल्या द्राक्ष-डाळिंबाच्या जमिनी बहुधा याच गटात बसतात.

दुसरं कारण बुरशीनाशक. मर दिसली की कार्बेन्डाझिमची आळवणी करायची सवय आहे. ते या बुरशीला सरळ मारतं. कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणीही नुकसान करते. मेटॅलॅक्झिल त्यामानाने निरुपद्रवी, कारण ते वेगळ्या गटातल्या जिवांवर काम करतं. आळवणी अटळ असेल तर आधी ती उरका, महिनाभर जाऊ द्या, मग मायकोरायझा. पानांवरच्या फवारणीने एवढं बिघडत नाही.

तिसरं, चुकीचं गिऱ्हाईक. कोबी, मुळा, मोहरी, पालक यांच्या मुळात ही बुरशी राहतच नाही. झाडांत सिल्व्हर ओक साधारण त्याच पंक्तीतलं. ते स्फुरदासाठी मुळांचे स्वतःचे झुबके काढतं. सुरूला व्हॅम चालते, पण त्याच्या मुळावरच्या नत्राच्या गाठींसाठी फ्रँकिया हा वेगळा जिवाणू लागतो, तो पुडीत नसतो.

आणि चौथं, माल मेलेला असणं. परदेशांत व्यापारी मायकोरायझाच्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या गेल्या, तेव्हा बहुसंख्य उत्पादनं मुळात शिरलीच नव्हती. आपल्याकडचा माल यापेक्षा बरा असेल असं समजायला काही आधार नाही. म्हणून मोठी खरेदी करणाऱ्यांनी, विशेषतः हजारो रोपांची रोपवाटिका चालवणाऱ्यांनी, बॅच स्वतः तपासून घ्यावी.

शाई-व्हिनेगरची तपासणी

माती आणि वाळू समप्रमाणात, ओली करून जुन्या प्रेशर कुकरमध्ये तासभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर (तो कुकर परत स्वयंपाकाला वापरू नका). सहा कुंड्या भरा. तिनांत 10 ग्रॅम पावडर बियाण्याखाली, तिनांत तीच पावडर कुकरमध्ये मारून. सगळ्यांत कांद्याचं बी. कांद्याला मुळाचे केस फारसे नसतात, म्हणून तो बुरशीवर फार अवलंबून असतो आणि फरक चटकन दाखवतो. रासायनिक खत नको.

सहा ते आठ आठवड्यांनी बारीक पांढरी मुळं धुऊन सेंटिमीटरभर तुकडे करा. 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये तीन-चार मिनिटं उकळा. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे द्रावण कातडी जाळतं. मुळं काचेसारखी पारदर्शक झाली की चार-पाच वेळा पाण्यात खळबळा. मग 5 मिली काळी फाउंटन पेनची शाई आणि 95 मिली पांढरं व्हिनेगर यात तीन मिनिटं उकळा. शेवटी व्हिनेगरचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून जादा रंग उतरवा. कोणत्याही शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठं करून पाहिलं की फिक्या मुळात गडद तंतू लांबच लांब धावताना दिसतात, मधूनमधून फुग्यासारख्या गोल पिशव्या. मारलेल्या पावडरीच्या कुंड्यांत मुळं कोरी असली पाहिजेत. दोन्हीकडे कोरी दिसली तर पैसे परत मागा. आंब्या-जांभळाच्या रोपांची मुळं याच पद्धतीने तपासता येतात, फक्त ती गडद असल्याने पोटॅशमध्ये जास्त वेळ लागतो.

एक पुडी, पन्नास किलो माल

बॅच चांगली निघाली तर दोन-तीन फेऱ्या पुन्हा विकत घेण्याची गरज उरत नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत आपल्याकडेही चालते. एक मीटर लांब-रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर घ्या, तळाला काळं प्लास्टिक. 50 किलो व्हर्मिक्युलाइट आणि 5 किलो निर्जंतुक माती मिसळून 20 सेंटिमीटरपर्यंत भरा. वरच्या 2 ते 5 सेंटिमीटरखाली 1 किलो मूळ कल्चर पसरा. मक्याचं बी 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन मिनिटं बुडवून, धुऊन पेरा. पेरताना युरिया 2 ग्रॅम, सुपर फॉस्फेट 2 ग्रॅम, पोटॅश 1 ग्रॅम, बस्स. तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी 10-10 ग्रॅम युरिया. साठाव्या दिवशी ताटं कापून टाका, मुळं बारीक चिरून त्याच मिश्रणात कालवा. सुमारे 55 किलो माल हाती येतो. सावलीत सुकवा आणि येत्या हंगामात संपवा. दर वर्षी त्याच चरातून पुढे नेत राहिलात तर सूत्रकृमी आणि मूळकुजीचे जंतूही त्यात वाढतात, तेव्हा दोन-तीन फेऱ्यांनंतर नवं कल्चर आणा.

"सह्याद्रीच्या जंगलाची माती" असं लिहिलेल्या पिशव्याही अधूनमधून विकायला दिसतात. घेऊ नका. जंगलातली वरची माती भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे वनोपज आहे, राखीव वनातून ती उचलणं गुन्हा आहे. शिवाय तिच्याबरोबर मूळकुज घरी येऊ शकते. आपल्याच बांधावरच्या जुन्या जांभळाखालची ओंजळभर माती बारीक मुळांसकट पिशवीत टाकली तरी तुमच्या हवामानाला सरावलेली बुरशी फुकट मिळते, फक्त ते झाड निरोगी असल्याची खात्री करून घ्या.

जाहिरातीतल्या "झाडं एकमेकांशी बोलतात" या वाक्याकडे दुर्लक्ष करा. कॅनडातल्या वनशास्त्रज्ञ सुझान सिमर्ड यांच्या 1997 च्या प्रयोगापासून ही कल्पना लोकप्रिय झाली. तो प्रयोग बर्च आणि डग्लस फर यांच्यावरचा, बाहेरून वेढा घालणाऱ्या बुरशीचा. 2023 मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या संशोधकांनी दाखवून दिलं की प्रत्यक्ष जंगलात त्याला मिळालेला पुरावा लोक समजतात त्यापेक्षा बराच तोकडा आहे. तुमच्या काजूच्या कलमाला शेजारच्या झाडाची खबरबात नको आहे, स्फुरद हवं आहे.

राहता राहिला एक गैरवापर. रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या किंवा नारळाच्या बुंध्याशी तपकिरी, चकचकीत, अर्धगोल छत्र्या दिसल्या की कुणीतरी मायकोरायझा सुचवतं. ती गॅनोडर्मा आहे, मुळं आणि खोडाचा पाया कुजवणारी. मायकोरायझा तिच्यावर औषध नाही. नारळाला सुरुवातीच्या अवस्थेत 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा 5 किलो निंबोळी पेंडीत मिसळून वर्षाला आळ्यात देतात, त्याने रोगाचा वेग कमी होतो. गुलमोहराच्या बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला आणि खाली रस्ता किंवा घर असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा आणि तोवर त्याखाली गाडी लावू नका.